फायबर वाढवूनही पोट साफ होत नाही? क्रम कुठे चुकतो ते बघा

पोट साफ होत नाही म्हटलं की घरोघरी एकच क्रम ठरलेला असतो. आधी कुठलं तरी चूर्ण, ते पुरेनासं झालं की इसबगोल, मग कोणीतरी सांगतं की अहो फायबर खा फायबर, की दुसऱ्या दिवसापासून ताटभर सॅलड, कोंड्याच्या पोळ्या, दोन वेळा उसळ असं सगळं एकदम सुरू. चार दिवसांत पोट ढोलासारखं फुगतं, गॅसने जीव नकोसा होतो, आणि मग "मला फायबर सूट होत नाही" असं म्हणून माणूस परत चूर्णाकडे जातो. आहाराचा सल्ला विचारायला येणाऱ्यांकडून मी हे इतक्यांदा ऐकते की शेवटी सगळं एकदा क्रमाने लिहायचं ठरवलं. बहुतेक वेळा फायबर चुकीचं नसतंच, ते कधी, किती वेगाने आणि कशासोबत सुरू केलं तिथे चूक असते.

खालचे टप्पे उड्या मारून करू नका. कंटाळवाणे वाटतात म्हणून लोक पहिले तीन सोडून थेट चौथ्यावर येतात आणि तिथेच गाडी अडते.

## सुरू करायच्या आधी: यातलं काही असेल तर घरी प्रयोग नकोत

संडासातून रक्त जातंय, किंवा काळीकुट्ट चिकट संडास होतेय. वजन आपोआप उतरतंय. रक्त कमी झालंय आणि कारण सापडत नाहीये. आयुष्यभर पोट नीट होतं आणि पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर अचानक सवय बदलली. घरात जवळच्या कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता. यातलं एक जरी असेल तरी आधी डॉक्टर, फायबर नंतर. रक्त दिसलं की "मूळव्याध असेल" असं आपलं आपण ठरवून टाकायची फार वाईट सवय आहे आपल्याकडे, आणि ते लाजेपायी महिनोन्महिने कोणाला सांगतही नाहीत. मूळव्याध असेलही, पण ते तपासून ठरू दे ना.

ज्यांचं पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालंय, किंवा आतड्याच्या टीबीमुळे अथवा क्रोन्समुळे (आतड्याला वारंवार सूज येणारा आजार) आतडं कुठेतरी अरुंद झालंय असं सांगितलंय, त्यांनी जास्त फायबर खाल्लं तर ते तिथे अडकू शकतं. किडनीचा किंवा हार्टचा त्रास असून पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनीही खालचे पाण्याचे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नयेत.

लगेच दवाखाना: पोट टम्म फुगलंय, उलट्या होतायत, संडास तर नाहीच पण गॅससुद्धा सरत नाहीये. अशा वेळी एरंडेल, चूर्ण, इसबगोल काहीही देऊ नका.

## टप्पा १: आठवडाभर फक्त लिहून ठेवा

हो, आठवडाभर काहीच बदलायचं नाही. एक वही घ्या नाहीतर मोबाइलवर लिहा: किती वाजता जाऊन आलात, कसं झालं, जोर करावा लागला का, पूर्ण झाल्यासारखं वाटलं का, आणि दिवसभर काय खाल्लं.

"रोज सकाळी झालंच पाहिजे" हा आपल्या डोक्यात पक्का बसलेला नियम आहे, पण दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा यात कुठेही बसत असाल आणि त्रास होत नसेल तर ते नॉर्मल आहे. एक दिवसाआड मऊ, विनात्रास होणाऱ्या माणसाला बद्धकोष्ठ नाही. उलट रोज जाऊन दहा मिनिटं जोर करून चार कडक खडे टाकणाऱ्याला आहे.

"कसं झालं" हे लिहायला डॉक्टर लोक ब्रिस्टल चार्ट वापरतात, त्यात सात प्रकार असतात. १ म्हणजे सुट्या कडक लेंड्या, २ म्हणजे लेंड्या चिकटून झालेला गाठाळ तुकडा, ३ लांबट पण वर भेगा, ४ लांबट आणि गुळगुळीत मऊ, ५ मऊ सुटे तुकडे, ६ लगदा, ७ नुसतं पाणी. ३ आणि ४ आपल्याला हवेत. रोज फक्त आकडा लिहिला तरी पुरे.

चेक: आठवड्याच्या शेवटी आकडे १-२ असतील तर पुढचे टप्पे तुमच्यासाठीच आहेत. आकडे ३-४ आहेत तरी जोर करावा लागतो, अडकल्यासारखं वाटतं, बोटाने मदत करावी लागते, तर प्रॉब्लेम बहुधा खाण्याचा नाही, बाहेर टाकणाऱ्या स्नायूंचा असू शकतो. मग थेट शेवटच्या टप्प्यावर जा, कारण अशा माणसाने फायबर वाढवलं की आत ढीग वाढतो आणि दार तसंच बंद.

## टप्पा २: औषधांचा डबा बघा

याकडे कोणाचंच लक्ष जात नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, अ‍ॅल्युमिनियम असलेली अ‍ॅसिडिटीची औषधं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी पेनकिलर, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, झोपेसाठी किंवा मायग्रेनसाठी देतात त्या अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्या, या सगळ्यांनी संडासला कडक होतं. बाळंतपणानंतर लोह-कॅल्शियम दोन्ही चालू असतं आणि घरचे म्हणतात हिला भाज्या खायला नकोत म्हणून असं होतं. बिचारीने कितीही भाज्या खाल्ल्या तरी गोळ्यांचा परिणाम आपोआप जात नाही.

त्रास कधी सुरू झाला आणि नवीन गोळी कधी सुरू झाली या दोन तारखा जुळवून बघा.

इशारा: गोळी मनाने बंद करायची नाही. डॉक्टरांना सांगायचं, बऱ्याचदा प्रकार किंवा डोस बदलता येतो.

## टप्पा ३: पाणी आणि सकाळची वेळ आधी बसवा

फायबर पाणी धरून ठेवतं म्हणून काम करतं. पाणी कमी असताना फायबर वाढवलं तर तेच फायबर आत घट्ट होऊन बसतं. म्हणून पाणी आधी. सगळं मिळून, म्हणजे ताक, वरण, चहा धरून, दोन लिटरच्या आसपास आणि उन्हाळ्यात किंवा घाम गाळायचं काम असेल तर त्याहून जास्त. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर ठीक चाललंय. पण हेही सांगते, आधीच भरपूर पाणी पिणाऱ्याने अजून चार ग्लास प्यायले म्हणून पोट साफ होत नाही, जास्तीचं पाणी लघवीवाटे जातं.

आता वेळ. सकाळी उठल्यावर मोठं आतडं जागं होतं आणि पोटात काही गेलं की त्याला पुढे ढकलायचा सिग्नल मिळतो. हा सिग्नल सकाळच्या खाण्यानंतर जोरात असतो. चहा किंवा नाश्ता झाल्यावर साधारण अर्ध्या तासात, कळ आली असो वा नसो, रोज त्याच सुमाराला जाऊन बसायचं. पाच मिनिटं, फार तर दहा. जोर नाही करायचा. नाही झालं तर उठून कामाला लागायचं. मुंबईत सहाची लोकल पकडणारे आणि सकाळी डबे करणाऱ्या बायका ही कळ रोज दाबतात, आणि रोज दाबली की ती हळूहळू जाणवेनाशी होते. पंधरा मिनिटं लवकर उठणं हा काही ग्लॅमरस उपाय नाही पण चूर्णापेक्षा हजारपट चांगला आहे.

बसायची पद्धतही बघा. भारतीय संडासात उकिडवं बसल्यावर गुदद्वाराजवळचा वळलेला भाग सरळ होतो. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल किंवा पाट ठेवा, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत, थोडं पुढे वाका. गुडघेदुखीवाल्यांनाही हे जमतं.

चूक: मोबाइल घेऊन जाणं. वीस-पंचवीस मिनिटं बसून राहिलं की तिथल्या शिरांवर ताण येतो आणि मूळव्याध वाढते.

## टप्पा ४: ताट बदला, पण एका आठवड्यात एकच बदल

मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर हवं, ३० मिळालं तर उत्तम. आता एक साधं मराठी ताट मोजून बघू, हिशोब ढोबळच आहे. सकाळी चहा-बिस्किटं, अर्धा ग्रॅम. कांदेपोहे एक प्लेट, अडीच. दुपारी दोन पोळ्या, पाच-सहा. बटाट्याची भाजी दोन, पातळ वरण दीड, एक वाटी भात एक. संध्याकाळी चहा-खारी, अर्धा. रात्री मऊ खिचडी, अडीच. झाले सोळाच्या आसपास. घरचं सात्त्विक जेवण आहे, तरी अर्ध्यावरच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत फायबर १० ग्रॅम, बाजरी आणि नाचणीत ११ च्या आसपास, आणि गव्हाच्या पिठातही ११. म्हणजे "पोळी सोडा, भाकरी खा" यात फायबरच्या बाबतीत फारसा दम नाही, गव्हाचं पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून दिला नाही तर पोळीही तेवढंच देते. चाळायचंच असेल तर जाड चाळणी घ्या. खरा फरक पडतो तो तांदूळ आणि मैद्यात, दोन्ही तीनच्या आत. साबुदाण्यात तर जवळजवळ काहीच नाही, त्यामुळे श्रावणात उपवासांची रांग लागली की अर्ध्या घराची पोटं का अडतात ते कळेल. उपवासाला राजगिरा, सालासकट उकडलेलं रताळं, शेंगदाण्याची आमटी आणि एखादं फळ घ्या.

कडधान्यं सगळ्यात श्रीमंत: मटकी, मूग १५ ते १७. तूरडाळ ९, पण वाटीभर पातळ वरणात डाळ असते किती, मूठभरसुद्धा नाही. फळांत पेरू बाजी मारतो, १०० ग्रॅमला ८ च्या आसपास. पपई, जिचं एवढं नाव आहे, तिच्यात तीनच्या आत आणि केळ्यात दोनच्या आसपास. पपई खाऊ नका असं नाही, पण चार फोडी पपई खाल्ली म्हणजे फायबर झालं असं समजू नका. काकडी-टोमॅटोची कोशिंबीर एक वाटी, दोन ग्रॅम धरा.

मग बदल असे करा, याच क्रमाने, आणि आठवड्याला एकच:

१. पहिला आठवडा: रोज एक फळ सालासकट किंवा चोथ्यासकट. पेरू, सफरचंद, चिकू, संत्रं. रस नाही, रस काढताना चोथा निघून जातो.

२. दुसरा आठवडा: एका वेळच्या भाताची वाटी अर्धी करून भाजी दुप्पट. मेथी, गवार, भेंडी, घेवडा, शेवग्याच्या शेंगा, लाल भोपळा. बटाट्याला भाजीत मोजू नका.

३. तिसरा आठवडा: मोड आलेल्या कडधान्याची उसळ, आधी आठवड्यातून तीनदा अर्धी वाटी. रोजची एक वाटी ही नंतरची गोष्ट.

४. चौथा आठवडा: नाश्ता आणि संध्याकाळचं खाणं. पोह्यांत मटार किंवा मोडाचे मूग, बिस्किट-खारीच्या जागी फुटाणे. शिवाय रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका किंवा दोन-तीन सुकी अंजिरं, डायबेटिस नसेल तर.

आठवड्याला एकच का, तर मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना नवीन खाद्याची सवय व्हायला वेळ लागतो. ते फायबर आंबवतात, त्यातून गॅस होतो, आणि एकदम भरपूर मिळालं की गॅसही भरपूर. शिवाय एकच बदल केला की काय सोसलं आणि काय नाही हेही कळतं. पाच गोष्टी एकदम बदलून पोट फुगलं तर दोष कोणाला देणार?

चेक: दर आठवड्याला वहीतले आकडे बघा. १-२ वरून ३-४ कडे सरकतायत? मग तिथेच थांबा, पुढचा बदल जबरदस्तीने करायची गरज नाही.

## टप्पा ५: गॅस झाला तर काय

थोडा होणारच, बहुतेकांचा दोन-तीन आठवड्यांत कमी होतो. कडधान्यं रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, मोड आणा आणि चांगली मऊ शिजवा, कारण गॅस करणाऱ्या साखरा भिजवलेल्या पाण्यात उतरतात. राजमा-छोले-चवळीपेक्षा मूग-मटकीपासून सुरुवात करा. कच्चं सॅलड सोसत नसेल तर तीच भाजी शिजवून खा, शिजवल्याने फायबर नाहीसं होत नाही. ज्यांना दूध प्यायलं की गुडगुड होतं त्यांनी आधी दूध कमी करून बघावं, ताक-दही बऱ्याच जणांना सोसतं, उगाच भाज्यांवर आळ येतो.

आयबीएस आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, म्हणजे पोटात कळा, कधी कडक कधी पातळ, तर गव्हाचा कोंडा वेगळा आणून खाऊ नका, त्याने कळा वाढतात. अशांना इसबगोलसारखं विरघळणारं फायबर जास्त सोसतं. कांदा, लसूण, राजमा कमी करून फरक पडतो का तेही आहारतज्ञांच्या मदतीने बघा.

## टप्पा ६: इसबगोल, आणि ते घ्यायची बरोबर पद्धत

ताट बदलून तीन-चार आठवडे झाले तरी आकडे २ वरच अडलेत, मग इसबगोल. ते रेचक चूर्ण नाही, आतड्याला चाबूक मारत नाही, पाणी धरून मल मऊ आणि भरीव करतं. म्हणूनच जुलाबात दह्यातून देतात आणि बद्धकोष्ठातही चालतं.

घेण्याआधी एकदा हे करून बघा: काचेच्या ग्लासात थोडं पाणी घ्या, चमचाभर इसबगोल टाका, ढवळा आणि बाजूला ठेवा. सुरुवातीला भुसा वर तरंगतो, मग एकेक पातं फुगून पारदर्शक होतं, आणि दहा मिनिटांत ग्लास तिरका केला तर सगळं मिळून एकच गिळगिळीत गोळा सरकतो. हे तुमच्या घशात झालं तर? कोरडं तोंडात टाकून वर दोन घोट पाणी पिणारी माणसं मी बघितली आहेत, त्यांना हा ग्लास नक्की दाखवा.

१. सपाट एक छोटा चमचा, पूर्ण मोठ्या ग्लासभर पाण्यात, म्हणजे २५० मिली. ढवळायचं आणि घट्ट व्हायच्या आत लगेच प्यायचं.

२. वर अजून एक ग्लास साधं पाणी. दुधातून घेतलं तरी वरचं पाणी सोडायचं नाही.

३. लगेच आडवं व्हायचं नाही, तासभर तरी आधी घ्या. "झोपताना घ्या" याचा अर्थ पलंगावर बसून घ्या असा नाही. संध्याकाळी जेवणाआधी घेतलंत तर सगळ्यात बरं.

४. बाकी गोळ्या आणि इसबगोल यात दोन तासांचं अंतर, नाहीतर गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी असते, तेव्हा इसबगोल संध्याकाळीच.

५. एका रात्रीत परिणाम नाही दिसणार. एक ते तीन दिवस लागतात, पक्कं ठरवायला दोन-तीन आठवडे द्या. गरज वाटली तर आठवड्याने दोन चमचे.

डायबेटिसवाल्यांनी संत्रा वगैरे फ्लेवरचं इसबगोल घेताना डबा वाचा, बऱ्याच फ्लेवरवाल्यांत साखर असते.

इशारा: गिळायला त्रास होतो, पॅरालिसिसमुळे ठसका लागतो, अशा माणसाला इसबगोल देऊ नका. घेतल्यावर छातीत अडकल्यासारखं झालं, श्वास लागला तर लगेच दवाखाना.

## घरातली म्हातारी माणसं आणि लहान मुलं

आजी-आजोबांच्या बाबतीत एक गोष्ट फार चुकते. कित्येक दिवस संडास नाही, आणि मग अचानक थोडं थोडं पातळ सारखं गळतंय, कपडे खराब होतायत. घरचे जुलाब समजून बंद व्हायची गोळी देतात. खरं तर आत कडक मलाचा बोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ पाझरतं. इथे फायबरही नाही आणि जुलाबाची गोळीही नाही, आधी डॉक्टरांकडून तपासून तो बोळा काढायला लागतो. दात नाहीत म्हणून भाज्या बंद झालेल्या असतात तिथे शिजवून घोटलेली पालेभाजी, लाल भोपळा, उसळीचं कढण, ताकात कालवलेली नाचणीची आंबील हे चालतं. आणि रात्री उठावं लागतं म्हणून ती पाणीच कमी पितात, तेव्हा पाणी दुपारी चारच्या आत जास्त द्या.

मुलांचं बहुतेक वेळा एकदा दुखलं म्हणून दाबून धरण्यातून सुरू होतं, शाळेतलं टॉयलेट घाण असतं म्हणूनही. दिवसभर दुधाच्या बाटल्या आणि बिस्किटं चालू असतील तर आधी दूध आवरा. शाळेतून आल्यावर खाऊ झाला की पाच मिनिटं बसवा, पायाखाली स्टूल द्या, ओरडू नका. मोठ्यांचं चूर्ण चिमूटभरसुद्धा नाही.

## टप्पा ७: इतकं करूनही नाही झालं तर

सहा-आठ आठवडे नीट केलं, वही लिहिली, तरी तसंच, तर हे तुमचं अपयश नाही. काहींचं आतडंच सावकाश चालतं, त्यांना अजून फायबर दिलं की जास्त फुगतं. काहींचे खालचे स्नायू सैल व्हायच्या वेळी आवळतात, त्यांना बायोफीडबॅक नावाचा व्यायाम शिकवतात आणि त्याचा खरंच उपयोग होतो. थायरॉइड, शुगर, कॅल्शियम तपासायला सांगतील. पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्ट्युलोज लिहून देतील, ती घ्यायला घाबरू नका, ती औषधंही पाणी धरूनच काम करतात.

चूर्णांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्यातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते, ती आतड्याला ढकलते. प्रवासात किंवा आजारपणात चार दिवस घेतली तर काही बिघडत नाही. पण वर्षानुवर्षं रोज, डोस वाढवत, कोणाला न विचारता घेत राहिलात तर पोटात मुरडा, पातळ होणं, पोटॅशियम कमी होणं हे होऊ शकतं, आणि मूळ कारण तसंच राहतं. रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका, फायबर आणि सकाळची वेळ बसल्यावर आधी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड असं उतरवा, मध्ये अडलं तर डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांकडे जाताना ती वही न्या, चालू गोळ्यांच्या पट्ट्या न्या आणि चूर्णाचा डबाही न्या. "आयुर्वेदिक आहे, ते काय सांगायचं" म्हणून लोक तो डबा घरीच ठेवतात, आणि डॉक्टर तिकडे तीच सोनामुखी वेगळ्या नावाने लिहून देतात.